इस्त्रीच्या फळीने धरलेला डूख

मी इस्त्रीची फळी बोलतेय. लोक मला इस्त्रीचं टेबल म्हणतात, पण टेबलाशी माणसं बसतात, माझ्यापुढे उभी राहतात. आणि बहुतेक घरांत एकच माणूस उभं राहतं, रोज तेच. आधीच सांगून ठेवते, मी मनाने चांगली नाही. आपली कहाणी सांगणाऱ्या छत्र्या, चपला, फाटकी पुस्तकं शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझा तसा काही विचार नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. फळीच्या पोटाखाली एक दातेरी पट्टी असते. तिच्या खाचेत पायांची दांडी अडकली की उंची पक्की होते. माझे पाय जोडणाऱ्या कारागिराची तेव्हा चहाची वेळ झाली होती. त्याने पट्टी केसभर तिरकी बसवली, "चालतंय" म्हणाला आणि गेला. चाललं नाही. माझी दांडी मनात आलं की वरच्या खाचेतून खालच्या खाचेत सरकते. मनात कुणाच्या, ते तुम्हाला कळेलच.

पहिला मालक हॉटेलात कारकून होता. गरम इस्त्री माझ्या छातीवर ठेवून तो फोनवर हसत राहिला, तेव्हाचा होडीसारखा तपकिरी डाग अजून आहे. दुसऱ्याच सकाळी मी सरकले आणि दुधाचा पेला त्याच्या एकुलत्या एका काळ्या पँटवर गेला. खोली सोडताना त्याने मला नेलं नाही. बरंच झालं.

त्याच दोन खोल्यांत मग हे जोडपं आलं. लग्नाला चार महिने झालेले. तो शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करायचा. ती दात बनवायची. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर माप घेतात, आणि लॅबमध्ये बसून त्या मापाचा दात जी घडवते, ती ही. परक्या मुलखात तिच्या कागदांवर काम करायची परवानगी नव्हती. म्हणून ती माझ्यापुढे उभी राहायची.

त्याचा करार संपत आला होता. मायदेशी परतायची तिकिटं निघाली होती, आणि निघायला दहा आठवडे होते. त्याचा नियम एकच: नोकरी हातात घेऊनच विमानात बसायचं. त्याला कारण होतं. नोकरी नसती, तर गावी त्याच्या थोरल्या भावाचं नळ-पाइपांचं दुकान वाट पाहत होतं. दादा दर रविवारी फोन करायचे आणि फोन माझ्यावर उभा करून दोघांनी ऐकायचा.

"काय रे, कुणी विचारतंय का तुला? नाही ना? अरे, नळ विकायला लाज कसली? सगळ्या जगाला पाणी लागतं."

"बघतोय, दादा."

"बघ बघ. धाकटीलाही सांग, घरात बसायला नको. दुकानात मागे माल मोजायला बाईमाणूस हवंच आहे आपल्याला."

धाकटी म्हणजे ती. ती "हो दादा" म्हणायची आणि इस्त्री जरा जास्त दाबायची. आठ वर्षं ती दाढा कोरायला शिकली होती. वॉशर मोजायला नव्हे.

म्हणून दोघांनीही अर्ज करायचं ठरलं. ज्याला आधी मिळेल त्याच्या शहरात जायचं, असं तोच म्हणाला होता, आणि म्हणताना हसला होता. घरातलं एकमेव टेबल त्याच्या अर्जांनी व्यापलं. तिला मी मिळाले. सकाळी कपडे झाले की ती माझ्यावर जुना टॉवेल अंथरायची, मेणाची कांडी काढायची आणि हाताचं वळण जाऊ नये म्हणून दाढा कोरत बसायची. खरं तर उभी राहायची. खालची दाढ, पाच उंचवटे, मधला खळगा. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यावर गार वस्तू ठेवणारी ती पहिली.

तिचा बायोडाटा त्याने "नीट" करून दिला. नीट म्हणजे संपर्काच्या जागी स्वतःचा नंबर घातला.

"अगं, तिकडचे लोक बाहेरदेशातला नंबर बघितला की उचलत नाहीत. माझं तिकडचं कार्ड चालू आहे ना. कुणाचा आला की देतोच तुला."

"चालेल," ती म्हणाली.

कारागीरही असंच काहीसं म्हणाला होता. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

फोन आला तो सकाळी. ती खाली कपडे वाळत घालायला गेली होती. तो माझ्यावर कोपर टेकवून शर्टाची कॉलर बघत होता.

"कोण? दातांची लॅब? हां, हां, मी तिचा मिस्टर बोलतोय." थोडा वेळ तो ऐकत राहिला. मग दाराकडे एकदा बघितलं. "नाही हो मॅडम, ती सध्या नोकरी शोधत नाहीये. आधी माझं ठरू दे, मग तिचं बघू. ठेवतो."

ती रिकामी बादली घेऊन वर आली. "कुणाचा होता?"

"राँग नंबर."

बायांनो आणि बाप्यांनो, माझ्या अंगावर सुती कापड आहे म्हणून, नाहीतर मी तेव्हाच पेटले असते. मला तोंड नाही. मला फक्त एक तिरकी पट्टी आहे.

दोन दिवसांनी सकाळी त्याची मुलाखत होती. खिडकीपाशी उजेड चांगला म्हणून त्याने लॅपटॉप माझ्यावर ठेवला. समोर तिघं साहेब. "कॉम्प्रेसर बंद पडल्यावर तुम्ही सर्वांत आधी काय कराल?" त्याने छाती पुढे काढली, "सर्वप्रथम मी..." म्हणाला, आणि मी सरकले. एक खाच, मग आणखी एक. साहेबांना आधी त्याची टाय दिसली, मग पोट, मग पायजमा. त्याने लॅपटॉप उचलायला धडपड केली तेव्हा छत दिसलं. आतून ती धावत आली. तो सर्वप्रथम काय करणार होता, ते राहूनच गेलं.

नकार आला. मी दिवसभर खूश होते. रविवारी दादांचा फोन आला. "राहिलं? जाऊ दे रे. मी तुझ्यासाठी काउंटरमागे खुर्ची करून घेतली. धाकटीला मागच्या खोलीत पंखासुद्धा लावतोय." तेव्हा माझ्या फळकुटात उजेड पडला. मी घाव घातला त्याच्यावर, आणि पंखा लागला तिच्यासाठी. सूड घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. मला डोळे नाहीत ही माझी अडचण, सबब नव्हे.

ती रोज सकाळी विचारायची, "माझ्यासाठी कुणाचा काही?"

"नाही गं. तुझं क्षेत्रच तसं. लागतो वेळ."

पहिले काही दिवस ती कोरत राहिली. मग एक दिवसाआड. मग तिने मेण आणि कोरण्या एका मोज्यात गुंडाळल्या आणि मोजा बॅगेच्या तळाशी घातला. त्यानंतर माझ्यावर फक्त त्याचे शर्ट. एकदा तिने स्वतःशीच म्हटलं, "आठ वर्षं शिकूनही कुणालाच नको आहे का मी?" इतक्या हळू, की इस्त्रीची वाफही थांबली नाही.

त्या फोननंतर एकोणिसाव्या दिवशी लॅबचं पत्र आलं, तिच्या फोनवर. ती त्याची पँट इस्त्री करत होती. लॅबच्या मालकीणबाई जुन्या वळणाच्या असाव्यात. पत्र कार्यालयीन होतं. "दिनांक अमुक रोजी दिलेल्या क्रमांकावर आपल्या पतीशी बोलणं झालं. आपण सध्या नोकरी शोधत नसल्याचं समजलं. आमच्याकडे नकार उमेदवाराने स्वतः द्यायची पद्धत आहे. तरी एक ओळ लिहून पाठवावी, म्हणजे अर्ज बाजूला काढता येईल."

तिने दोनदा वाचलं. भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन बोटाने दिवस मोजले. परत येऊन इस्त्री उचलली आणि पँट पूर्ण केली. फक्त त्या पँटीला एका पायावर दोन रेघा पडल्या. ती तशीच घालून तो कामावर गेला. मग तिने उत्तर लिहिलं, खाली स्वतःचा नंबर घातला, आणि बॅगेच्या तळातून मोजा काढला.

मला वाटलं होतं आता भांडण होईल, भांडी आपटतील. काही नाही. गप्प माणसांचा राग मला तोवर माहीत नव्हता. माझा म्हणजे निव्वळ धडाधड आवाज. तिने त्याला इतकंच सांगितलं, "बुधवारी सकाळी एका लॅबची चाचणी आहे. कॅमेऱ्यासमोर दाढ कोरायची. पाऊण तास."

तो चपापला, पण पत्र आलंय हे त्याला माहीत नव्हतं. लॅबा काय, ढिगाने असतात. "अरे वा! सांग, मी काय करू?"

"ही फळी सरकते. तुम्ही खाली बसून तिचा पाय धरा."

खूप उदारपणे बसला हो. पायजम्यात, फरशीवर, माझ्या दोन पायांच्या मधे, दोन्ही हातांनी दांडी धरून. वर कॅमेरा सुरू झाला आणि मालकीणबाईंचा आवाज आला. तोच आवाज. त्याच्या हाताला घाम सुटला, तो माझ्या लोखंडाला लागला.

ती कोरत होती. मेणाच्या कपच्या माझ्यावर पडत होत्या. दांडी मला ओढत होती, सवयीने. माझ्या जन्मात पहिल्यांदा मला सरकायचं नव्हतं. मी खाच घट्ट धरली, त्याने मला घट्ट धरलं, आणि तिला यातलं काही माहीत नसल्यासारखी ती पाचवा उंचवटा काढत होती.

"हात छान आहे," बाई म्हणाल्या. "दाढ जरा फिरवा. हं. एक विचारते. मागे तुमच्या मिस्टरांनी सांगितलं होतं, तुम्ही शोधत नाही म्हणून. नंतर पुन्हा असं व्हायला नको. खरं काय ते सांगा."

खाली तो पुरता अडकला. सोडून उठावं, तर दाढ, लॅपटॉप, बायको, सगळं एकदम खाली येणार. बोलावं, तर बाई ऐकणार. तिने खाली पाहिलंसुद्धा नाही.

"तो राँग नंबर होता, मॅडम," ती म्हणाली. "यापुढे माझं मीच बोलेन."

चाचणी संपली तरी तो उठेना. गुडघे धरले होते, असं म्हणाला.

"तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आज पाय कुणी धरला असता?"

तो पुष्कळ बोलला मग. तुला आधी मिळाली असती तर दादा काय म्हणाले असते, लोक काय म्हणाले असते, मी तुझ्यामागे बॅगा घेऊन जायचं का, मला भीती वाटली, चूक झाली. खरं असेल त्यातलं बरंच. ती मेणाच्या कपच्या एकेक करून गोळा करत होती.

"लोक आता म्हणतीलच," ती म्हणाली. "दादांना तुम्ही सांगायचं."

नोकरीचं पत्र शनिवारी आलं. रविवारी दादांचा फोन आला. तिने तो माझ्यावर उभा केला, आवाज मोठा केला आणि त्याचाच शर्ट इस्त्रीला घेतला.

"दादा, हिला नोकरी लागली. दातांच्या लॅबमध्ये. आम्ही तिच्या शहरात राहणार."

पलीकडून, "आणि तू?"

"मला... नाही लागली अजून."

"म्हणजे बायको कमावणार आणि तू काय करणार?"

त्याने तिच्याकडे बघितलं. ती बाहीच्या बटणाभोवती इस्त्री फिरवत होती, अगदी सावकाश.

"आणखी एक सांगायचंय, दादा," तो म्हणाला. "हिला आधीच बोलावणं आलं होतं. मी परस्पर नाही म्हणालो होतो."

दादा काही बोलणार, तेवढ्यात मागून जाऊबाईंचा आवाज आला, "अहो, तो पंखा आता मला लावा." मी जन्मात इतकी हसले नाही. एक खाचसुद्धा न सरकता.

ते गेले. मी विमानात मावणार नव्हते. तिने मला पुसलं, होडीच्या डागावरून एकदा हात फिरवला आणि खाली राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना दिलं. त्यांनी मला सगळ्यात खालच्या खाचेत बसवलंय आणि माझ्यावर कुंड्या ठेवल्यात. आता सरकायला खाच उरली नाही. माझे हात बांधले म्हणा ना. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या शीतगृहात, कारखान्यात त्याचा अर्ज येईल. माणूस वाईट नाही, कॉम्प्रेसरमधलं त्याला खरंच कळतं. त्याला घ्या. पण लगेच कळवू नका. रोज सकाळी त्याला फोनकडे बघू द्या. आपण कुणालाच नको आहोत का, असं त्याला एकदा तरी स्वतःशी म्हणू द्या. एकोणीस दिवस, जास्त नको. अठराव्या दिवशी तुम्हाला दया येईल, तेव्हाही थांबा. तिच्या वेळी कुणाला आली नव्हती.