उरेब

स्पंजचा करडा तुकडा दाबला की दबायचा आणि सोडला की सावकाश, आळस दिल्यासारखा, पुन्हा फुगायचा — चार बोटं जाड, एका कडेला झिजलेला — आणि एवढ्याशा तुकड्यानं सहा महिने आपली झोप उडवली, या विचारानं तिला हसूच आलं. स्वतःवरच. दुसऱ्या कुणाला हसणार?

काचेपलीकडे एमआरआय यंत्राच्या बोगद्यात बाबा निजले होते, नुसती मोज्यांतली पावलं दिसत होती. वयाबरोबर मेंदूत काय बदलतं याचा अभ्यास इथे चालतो, आणि धडधाकट म्हातारी माणसं हवीत म्हटल्यावर तंत्रज्ञ म्हणून तिनंच त्यांना आणलं होतं. पहिल्या खेपेला तपासणीचा आकडा छान. दुसऱ्या खेपेला... खाली. मज्जातंतूंवरचं वेष्टण विरलं की असा उतरतो, हे तिला पाठ. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघू पुढच्या वेळी." बघू म्हणे! तेव्हापासून ती घरी बघतच होती — चष्मा कुठे ठेवला, शेजारणीचं नाव विसरले, तोच किस्सा दोनदा सांगितला — आणि जेवताना त्यांनी वर पाहिलं की झटकन ताटात बघायची. मी लेक होते की पहारेकरी? चाळीस वर्षं कात्री चालवलेला शिंपी तो; कुणी आपलं माप घेतंय हे त्याला कळणार नाही होय?

मग गेल्या आठवड्यात जुने फॉर्म चाळताना एकदम आठवलं. दुसऱ्या खेपेला बाबांची मान आखडली होती आणि मीच, माया उतू चाललेली ना, मानेखाली हा तुकडा सरकवला होता. फॉर्मवर लिहिला नाही. हनुवटी वर गेली, डोकं मागे कललं... आणि तंतू चुंबकाच्या दिशेला सरळ आहेत की तिरके, यावरही तो आकडा हलतो, हे नव्या लोकांना दर वर्षी घसा फोडून सांगते कोण? मीच. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

आज म्हणून दोनदा मोजायचं होतं, एकदा तुकड्यासकट, एकदा तुकड्याशिवाय. सकाळी बाबांना सगळं कबूल केलं.

"म्हणजे मी तोच, नुसता तिरका ठेवला की आकडा वेगळा?"

"हो."

"अगं, मग त्यात नवल काय? कापड उभ्या धाग्यात ओढ, हलत नाही. उरेब ओढ, तिरकं, की वीतभर ताणतं. त्यासाठी कापडाला नावं ठेवणारा कारागीर मी दुकानात ठेवला नसता."

"आणि मला?"

"तुला ठेवली असती. काजं करायला."

पडद्यावर दोन्ही आकडे आले. तुकड्यासकट घसरलेला, तुकड्याशिवाय वर आलेला — जवळजवळ पहिल्या खेपेइतका. जवळजवळ. किंचित कमीच. हा फरक वयाचा म्हणावा की यंत्राचा? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढं इकडेतिकडे होतंच," आणि थोडं थांबून, "बहुतेक." तरी तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं.

बाहेर ऊन छान पडलं होतं. बाबा बूट घालून उठले.

"तुला सुट्टी आहे ना आता? मग जाऊ या त्या... अगं ते... पाणी उडतं बघ उंच..."

शब्द येईना. तिच्या मनात सवयीनं नोंद होऊ लागली, आणि तेवढ्यात तिला दिसलं — बाबा शब्द शोधतच नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, निकाल लागायची वाट बघावी तसे, घाबरून. सहा महिने ते असेच बघत असणार, आणि मी ताटात बघत होते.

शब्द तिच्या ओठांवर होता. तो तिनं दिला नाही, मोजलाही नाही. त्यांचा हात धरला.

"चला, वाटेत सापडेल."

"आणि नाही सापडला तर?"

"तर पाणी तर उडेलच की."

बाबा मोठ्यानं हसले. तिची भीती होती तिथेच होती. पण हात ऊबदार होता, चालायला रस्ता बराच होता, आणि तिला घाई नव्हती.