बिनगोंदाची डोलकाठी

आमच्या ह्यांचा उजवा हात गेल्या वर्षापासून खिशात राहतो. थरथरतो म्हणून. कुणी भेटलं तर डावा हात पुढे करतात, चहा डाव्या हाताने पितात आणि मी काही विचारायला गेले की खिडकीबाहेर बघत बसतात. मी शिवणकाम करणारी बाई, नाकावर माशी बसू देत नाही. पण या हाताबद्दल मी वर्षभर चकार शब्द काढला नव्हता.

त्याच हाताने त्यांनी मागच्या खोलीत जहाज बांधलं होतं. जुन्या काळच्या शिडाच्या जहाजाची प्रतिकृती, माझ्या शिलाई मशीनपेक्षा थोडी लांब. नकाशे काढायच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि सात वर्षं तेच. डोलकाठ्यांनी तर माझा अंत पाहिला. चौकोनी काठी घ्यायची, तासून आठ कोनांची करायची, मग सोळा, मग कोन बोटाला लागेनासे होईपर्यंत घासत राहायचं. तिन्ही डोलकाठ्या झाल्या आणि हात थरथरायला लागला. दोर बांधायचे राहिले ते राहिलेच. जहाजावर जुनी चादर पडली.

एका सोमवारी चहा पिता पिता म्हणाले की रविवारी त्यांच्या छोटी जहाजं बांधणाऱ्यांच्या क्लबचे सेक्रेटरी खोका घेऊन येणार, जहाज नेणार, तिथली माणसं पुरं करतील. वर्तमानपत्र बंद करायचंय म्हणावं इतक्या सहज. माझं डोकंच फिरलं. सात वर्षं भुसा मी झाडला आणि आता दुसरेच कोणी येऊन त्याला हात लावणार? मी म्हटलं, दोर मी बांधते, तुम्ही नुसतं सांगा. चाळीस वर्षं काजं केली आहेत, चार दोर मला जड नाहीत. ते हसले. वाद मिटावा म्हणून म्हणाले की मधली डोलकाठी रविवारपर्यंत दोरांवर उभी राहिली तर जहाज राहील, नाही तर जाईल.

मला जहाजाचं काय पडलं होतं? पण ते खोक्यात गेलं असतं तर यांचा हात खिशातून पुन्हा कधी बाहेर आला नसता, एवढं मला कळत होतं.

मग सुरू झालं. हे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणार आणि मी भिंग लावून सुईत दोरा ओवणार. दोरा आधी मेणावरून ओढायचा, म्हणजे त्याची लव बसते. डोलकाठीच्या टोकावरून दोर खाली आणायचे, दोन-दोनच्या जोडीने, आणि जहाजाच्या काठाला तीन भोकांच्या लाकडी बटणांमधून बारीक दोरा ओवून ताणायचे. बटणं हा माझा शब्द. त्यांनी खरा शब्द दोनदा सांगितला, मी दोनदा विसरले, मग तेही बटणंच म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी मी डोलकाठीच्या बुडाला गोंद लावायला गेले, तर हे जवळजवळ ओरडलेच. तिला गोंद नसतो, म्हणाले. ती नुसती भोकात ठेवलेली असते. दोन्ही बाजूंनी सारखी ओढलेली असते म्हणून उभी राहते.

दुपारी त्या खोलीत पिवळ्या पडद्यातून ऊन येतं आणि सगळं संथ होतं. मेणाचा वास, बाहेर कुठेतरी नळ चालू असल्याचा आवाज. भिंगातून बघत राहिलं की डेक मोठा मोठा होत जातो, फळ्यांमधल्या फटी दिसायला लागतात आणि वाटतं आता कुणीतरी बोटभर माणूस त्या जिन्यावरून वर येईल. एकदा सुई हातात धरूनच माझा डोळा लागला. खोलीत गुडघाभर पाणी आलं होतं, माझी कापडं त्यावर तरंगत होती, कुणाची बाही, कुणाची कॉलर, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. हे जहाजावर उभे होते, दोन्ही हात वर करून मला काहीतरी दाखवत होते. जाग आली तेव्हा समोर खुर्चीत बसले होते, आणि हात खिशात.

गुरुवारी दुपारी मात्र त्यांना झोप लागली. मी म्हटलं, उठायच्या आत बरंच उरकून ठेवू. उजवीकडच्या चारही जोड्या बांधल्या, वरच्या गाठींना डिंक लावला, टोकं कापली. एक बाजू पुरी करायची, मग दुसरी घ्यायची, बाह्या मी अशाच लावत आले. त्यांनी सांगितलं होतं, एक जोडी उजवीकडे, मग एक डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. मान वर करून बघते तो डोलकाठी उजवीकडे कललेली. एका हातात जड पिशवी घेतलेल्या बाईसारखी.

ते जागे झाले होते. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "राहू दे गं. नेऊ दे त्यांना."

हे मी मुद्दाम केलं असं नंतर त्यांना वाटलं. शपथेवर सांगते, मुद्दाम केलं असतं तर श्रेय घेतलं असतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. मी भिंग खाली ठेवून विचारलं की आता सरळ कशी करायची ते सांगा. त्यांनी वाकून डोलकाठीचं बूड पाहिलं. मग म्हणाले, उजवीकडच्या बटणांमधला दोरा थोडा ढिला करायचा, डावीकडे एक जोडी बांधायची, पुन्हा थोडा ढिला, पुन्हा एक जोडी. आणि तेवढा वेळ डोलकाठी कुणीतरी धरायला हवी.

"धरा मग," मी म्हटलं.

ते चिमटा शोधायला लागले. चिमट्याने निमुळतं लाकूड चेपतं आणि ताण किती आला ते कळत नाही, हे त्यांनीच मला मंगळवारी शिकवलं होतं. तसं मी बोलून दाखवलं.

"माझा हात हलतो," ते म्हणाले.

"मला माहीत आहे. माझे दोन्ही हात अडकलेत. धरा."

हात खिशातून निघाला. किती बारीक झाला होता! दोन बोटांनी त्यांनी डोलकाठीचं टोक धरलं आणि थरथर तिच्यातून खाली उतरली, एकेका दोरात गेली. सगळे दोर हलायला लागले. भिंतीवर त्यांची सावली हलत होती, आणि पिवळ्या उजेडात जहाज चालू लागलं. पाणी नव्हतं, वारा नव्हता, पण ते चाललं होतं. आम्ही दोघंही बघत राहिलो.

"थांबू नकोस," ते हळूच म्हणाले.

मी डावीकडची पहिली जोडी बांधली. हलत्या दोरावर गाठ मारणं म्हणजे नाकी नऊ. पण हळूहळू त्या थरथरीची लय कळली, आणि मी तिच्या बरोबरीने सुई घालायला लागले. दुसरी जोडी बांधली, तिसरीही झाली. चौथी बांधून झाली तेव्हा ऊन पडद्यावरून उतरलं होतं आणि डोलकाठी सरळ उभी होती. हात थरथरत होता तसाच होता. ती हलत नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी सेक्रेटरी आले, खोका घेऊनच. ह्यांचा हात पुन्हा खिशात. सेक्रेटरींनी एक डोळा मिटून जहाज पाहिलं, माझ्या गाठींची तारीफ केली आणि म्हणाले की मधली डोलकाठी केसभर उजवीकडे वाटतेय, आमच्याकडे दुरुस्त करून घेऊ. आणि तिला चाचपायला त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका," हे म्हणाले. "काम चालू आहे."

आणि परक्या माणसासमोर त्यांनी उजवा हात खिशातून काढला. सेक्रेटरी बघत होते, बघू दिलं त्यांना. थरथरत्या दोन बोटांनी त्यांनी पुढच्या डोलकाठीचं टोक धरलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पहिली जोडी उजवीकडे. आणि या वेळी ऐक."

मी दोरा मेणावरून ओढला.