चुन्याची निवळी

"हे कशानं धुतलं?"

भिंगातून डोळा न काढता त्या मुलीने विचारले आणि सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. रविवारची सकाळ होती. जुन्या दफनभूमीत नेहमीची मंडळी जमली होती, कुणाच्या हातात खुरपे तर कुणाच्या हातात खराटा. मुलगी वारसा जतन खात्यातून आली होती. वर्षभर अर्ज पाठवल्यावर खात्याने एकदाचे कुणाला तरी धाडले होते, आणि ती शाबासकी द्यायला आली आहे अशी सगळ्यांची समजूत होती. मामांची तर खात्रीच होती. म्हणून त्यांनी तिला आधी झाडाखालच्या या छोट्या संगमरवरी दगडापाशी आणले होते. त्यांचे सगळ्यात चांगले काम तेच.

"ॲसिडनं," मामा म्हणाले. "पण नुसतं नाही हं. पाणी घालून, मापात. चौतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलीत मी. ॲसिडचं मला कुणी सांगायला नको."

"फेस आला होता?"

"आला ना! भरपूर. इतक्या वर्षांचा मळ तो, निघणारच."

मुलीने भिंग खिशात ठेवले. "काका, तो मळ नव्हता," ती म्हणाली. "तो दगड होता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असे. मामा आधी हसले, आणि मग ते हसू कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. कारण धडा त्यांना तोंडपाठ होता. दरवर्षी आठवीच्या वर्गासाठी टेबलावर संगमरवराचे तुकडे आणि पातळ केलेले ॲसिड मामाच मांडून ठेवत. तुकड्यांवर ॲसिड पडले की फसफसून वायू निघायचा. तो नळीतून चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधासारखी पांढरी व्हायची आणि पोरे आरडाओरडा करायची. तास संपला की उरलेले तुकडे धुऊन बरणीत ठेवायचे कामही मामांचेच. दोन-तीन वर्षांनी बरणीचा तळ दिसायला लागायचा, मग नव्या तुकड्यांसाठी हेडसरांची सही घ्यायलाही तेच जायचे. दगड विरघळताना एवढ्या वेळा दुसऱ्या कुणी पाहिला नसेल. पण तो बरणीतला होता आणि हा कबरीवरचा. दोन्ही एकच, हे त्यांच्या डोक्यात आलेच नाही.

मामा इथे आले ते बायकोच्या कटकटीने. निवृत्तीनंतर घरातल्या बरण्यांना लेबले लावून झाली, नळ पुसून झाले, तेव्हा ती म्हणाली, "आता मलाच एखाद्या कपाटात लावून ठेवाल. जा कुठेतरी, चार माणसांत मिसळा." त्याच सुमारास गल्लीतल्या सिस्टर दफनभूमीसाठी माणसे गोळा करत होत्या. सिस्टर म्हणजे मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. आवाजच असा की समोरचा आपोआप जीभ बाहेर काढेल. साठ वर्षांपूर्वी बंद झालेली ती जागा, नुसते रान माजले होते. मंडळींनी वर्षभरात पायवाटा मोकळ्या केल्या, पडलेले दगड उभे केले. मामांनी दगड धुवायचे काम मागून घेतले. काळे दगड साबणाने निघाले. संगमरवरी मात्र हिरवे-काळे पडले होते, ते साबणाला दाद देईनात. तेव्हा मामांनी डोके चालवले.

संगमरवरी दगड एकूण अकरा होते. त्यातल्या दहांना विचारणारे कुणी उरले नव्हते. अकरावा हा, टेलिफोनबाईंच्या बहिणीचा.

टेलिफोनबाई ऐंशी ओलांडलेल्या. सारे आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढलेले, आणि आता डोळे जवळजवळ गेलेले. दर रविवारी भाची त्यांना फाटकाशी सोडून बाजारात जायची. पुढे सिस्टर नाहीतर मामा त्यांचा हात धरून झाडाखाली आणत. बहीण सहा वर्षांची असताना तापाने गेली, तेव्हा बाई नऊच्या. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. शाळेत नाव घालायचे होते तेही राहून गेले. तिचे नाव जगात एकाच ठिकाणी लिहिलेले होते, या दगडावर, आणि खाली दोनच शब्द: 'आमची धाकटी'. बाई स्टुलावर बसायच्या, उजव्या हाताचे बोट अक्षरांतून सावकाश फिरवायच्या आणि ओठातल्या ओठात वाचायच्या. वाचून झाले की म्हणायच्या, "चला, फोन लागला." म्हणूनच मामांनी हा दगड सगळ्यांत मन लावून धुतला होता. दोन हात जास्त मारले होते.

"वरून गुळगुळीत दिसतोय," जतन खात्यातली मुलगी सांगत होती, "पण आतून भुसभुशीत झालाय. हे बघा." तिने कडेला हलकेच बोट टेकवले. बोटावर पांढरी पूड आली, साखरेच्या कणांसारखी. "अक्षरं आधीच उथळ होती. आता याला कुणी हात लावायचा नाही. अजिबात नाही."

"आणि लावला तर?" मामांनी विचारले.

"प्रत्येक वेळी थोडं थोडं जाईल."

काही करता येईल का, हे मामांनी तिला फाटकापर्यंत सोबत जात चार वेळा विचारले. शेवटी ती म्हणाली, चुन्याची निवळी पुन्हा पुन्हा मुरवली तर वरचा थर थोडा धरतो कधीकधी. गेलेले अक्षर मात्र परत येत नाही. मामांनी यातले पहिले वाक्य तेवढे ऐकले.

त्या दिवसापासून घराच्या गच्चीत बादली आली. चुना भिजवायचा, खाली बसू द्यायचा, वरचे नितळ पाणी गाळून बाटलीत भरायचे. हात सरावाचे होते. रोज सकाळी मामा जाऊन दगडावर ती निवळी मऊ कुंचल्याने सोडत आणि वाळेपर्यंत समोर बसून राहत. "बैल गेला नि झोपा केला," बायको म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून तिने गाळायचे फडके स्वतः धुऊन आणून दिले.

त्या रविवारी आणि त्याच्या पुढच्याही रविवारी भाची गावाला गेली होती म्हणून बाई आल्या नव्हत्या. मामांना ते बरेच वाटले, आणि बरे वाटल्याची लाजही वाटली. सिस्टरनी तिढा आपल्या परीने सोडवला होता. "काही सांगायचं नाही त्यांना. बोट फिरवू दे. नाव संपायच्या आधी माणूसच संपेल. दवाखान्यात मी प्रत्येकाला खरं सांगत बसले असते तर अर्धे रिपोर्ट ऐकूनच गेले असते."

"पण सिस्टर, तिथं आजार तुम्ही दिलेला नसायचा," मामा म्हणाले.

तिसऱ्या रविवारी बाई आल्या. मामांनीच हात धरून आणले, स्टूल मांडले. दगड पंधरा दिवस निवळी पिऊन तसाच उभा होता. बाई येण्यापूर्वी त्यांनी एका कोपऱ्याला बोट लावून पाहिले होते. पूड आलीच होती.

बाईंनी हात पुढे केला. मामांना वाटले धरावा तो हात. कोणत्या तोंडाने धरणार? बोट पहिल्या अक्षरात शिरले, अडखळले, मागे आले.

"मामा," बाई म्हणाल्या, "कुणाला सांगू नका, पण माझ्या बोटांचं काहीतरी बिघडलंय. डोळे गेले तसंच दिसतंय हे. दोन-तीन महिने झाले, अक्षरं नीट लागत नाहीत. घरी भांडी-कपडे सगळं कळतं, इथेच आलं की बोट घसरतं. वय झालं, दुसरं काय!"

एवढे आयते निमित्त कुणी हातात आणून ठेवत नाही. मामांनी फक्त 'हो ना, वय' म्हणायचे होते. सिस्टर पलीकडच्या कबरीपाशी खुरपे थांबवून त्यांच्याकडेच बघत होत्या. मामांनी नुसता घसा खाकरला.

"लाइनवर खरखर आहे आज," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं लोकांचे आवाज ऐकलेत मी. बोला, काय ते."

मग मामांनी सांगितले. ॲसिडचे सांगितले, फेसाचे सांगितले, आठवीचा धडाही सांगितला, आणि आपल्याला तो येत होता हेही सांगितले. "तुमची बोटं ठीक आहेत, बाई. दगडच झिजलाय. मी झिजवला. आणि आता हात लावला की आणखी झिजतो."

बाईंचा हात दगडापासून वीतभर अंतरावर तसाच थांबला होता. रागावल्या असत्या तर मामांना सोसले असते.

"म्हणजे बोटं शाबूत आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "किती उरलंय?"

मामांनी दगडाकडे पाहिले. तिरप्या उन्हात नावाचे पहिले अक्षर जेमतेम दिसत होते, मधले एक अर्धे होते. 'आमची' होते. पुढचा शब्द आहे हे माहीत असणाऱ्यालाच दिसला असता. "वाचता येतं," ते म्हणाले. "ज्याला ठाऊक आहे त्याला येतं."

"मग आज वाचू का? तुम्ही सांगा."

हात लावायचा नाही, अजिबात नाही, असे खात्यातली मुलगी सांगून गेली होती. न लावता बाई वाचणार कशा, ते मात्र कुणी सांगितले नव्हते. पंधरा दिवसांची निवळी, बादली, फडकी, सगळे मामांच्या डोळ्यांपुढे आले, आणि त्यातले काहीच कामाचे नव्हते.

"वाचा," ते म्हणाले.

बाईंनी वाचले. कधी नव्हे इतके सावकाश, प्रत्येक रेघेच्या टोकापर्यंत जाऊन. जिथे काही लागत नव्हते तिथेही बोट फिरले, अक्षराच्या सवयीने. मामा त्या बोटाखालून पांढरे कण ओघळताना बघत उभे राहिले. 'आमची धाकटी'शी बोट थांबले.

"पुढच्या रविवारपासून तुम्ही वाचून दाखवा," बाई म्हणाल्या. "मी हात लावणार नाही."

"हो," मामा म्हणाले.

त्या फोन लागल्याचे काही बोलल्या नाहीत. त्यांनी डाव्या हाताने चाचपत पर्समधला रुमाल काढला, उजव्या हाताचे बोट त्यावर अलगद पुसले, एकदा, दोनदा, नखाच्या कडेचेसुद्धा. मग आतले काही सांडणार नाही अशा बेताने रुमालाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली, आणि ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.