ऐकू न आलेली गाडी

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर डोळे मिटतील, आणि ही गोष्ट डोळे मिटून ऐकायची नाही. आज सांगतो ती एका मोटारसायकलच्या सायलेन्सरची. हसू नका. देवाला आपल्या दारात यायचं असलं की तो दरवेळी गोड गळ्यानेच येतो असं थोडंच आहे? कधी तो भांडत येतो, दार आपटत येतो. या गोष्टीत पहिल्यापासून शेवटपर्यंत भांडणच आहे. ज्याला सोसणार नाही त्याने आत्ताच उठावं. कोणी उठत नाही? बरं तर.

एक बाई होती. मोटारसायकलींच्या सीटची कव्हरं शिवायची. एका अरुंद गाळ्यात मशीन, रेक्झिनचे गुंडाळे आणि ती. तिची एक खोड होती. कव्हर शिवून झालं की ते गाडीवर चढवायची, वर स्वतः बसायची, पुढे-मागे सरकून बघायची, आणि एक जरी सुरकुती पडली तरी तिथल्या तिथे उसवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "काकू, चालेल हो." ही म्हणायची, "तुला चालेल. माझ्या हाताला चालत नाही." वापरून बघितल्याशिवाय ती काही देत नसे आणि काही घेतही नसे. चप्पल घेतली तर दुकानातल्या दुकानात पाच-सात फेऱ्या मारून.

तिचा नवरा ट्रक चालवायचा. आणि लेक दवाखान्यादवाखान्यांतून तपासणीचं रक्त गोळा करून लॅबमध्ये पोचवायची, मोटारसायकलवरून. त्या गाडीचा सायलेन्सर खालून कुजला, एका खड्ड्यात आपटला आणि तुटून लोंबकळायला लागला. नवीन घ्यायचा, एवढीच गोष्ट. पण घरात असा काही भडका उडाला की विचारू नका.

"मोठ्या आवाजाचा घ्यायचा," आई म्हणाली. "सगळ्यात मोठ्या."

"आई, दवाखान्याच्या फाटकातून आत सोडणार नाहीत. पहारेकरी असल्या गाड्या बाहेरच अडवतो. माझं काम जाईल."

"काम गेलं तर दुसरं मिळेल. तू गेलीस तर दुसरी कुठून आणू?" असं म्हणून तिने गाडीची किल्ली उचलली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. "आवाज नाही, तर किल्ली नाही."

आता हिला आवाजाचं एवढं वेड का, ते ऐका.

बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या ट्रकखाली एक तरुण मुलगा गेला होता. चौकात डावीकडे वळताना ट्रकच्या डाव्या, आतल्या बाजूने त्याची मोटारसायकल आली, आणि मागच्या चाकाने घात केला. नवरा तेव्हा ढसाढसा रडला. सगळ्यांना एकच सांगत राहिला, "त्याच्या गाडीला आवाजच नव्हता हो. ऐकू आलं असतं तर मी थांबलो नसतो का?" पोलिसांना पटलं, मालकाला पटलं, शेजारपाजाऱ्यांना पटलं. लोक त्या मुलाला बिनआवाजाचाच म्हणायला लागले. बायकोला तर असं पटलं की रस्त्यावर कोणी मुकाट्याने मोटारसायकल चालवताना दिसला की ती ओरडायची, "अरे, हॉर्न तरी वाजव, मेल्या!"

आणि सगळ्यात जास्त कोणाला पटलं असेल, तर त्या मुलाच्या बापाला. तो त्याच रस्त्याच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करायचा. मुलाने हौसेने गाडीला दणदणीत पाईप बसवला होता. डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं बसवणाऱ्या माणसाला तो दणका सहन होईना. एक दिवस बापाने जबरदस्तीने तो पाईप काढायला लावला आणि साधा, शांत सायलेन्सर बसवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो अपघात. म्हणजे मुलाला कोणी मारलं? सीटवाली बाईच एकदा चारचौघींत बोलून गेली होती, "बापानेच आवाज बंद केला पोराचा." हे घड्याळवाल्याच्या कानावर गेलं होतं. तेव्हापासून ती समोरून आली की तो मान खाली घालायचा, आणि हिला वाटायचं, बिचारा, लाजतो.

असो. तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही सायलेन्सरच्या दुकानात गेली. दुकानदाराला सगळे भोंगा म्हणत, कारण तो कानात सांगायची गोष्टही पलीकडच्या गल्लीला ऐकवायचा.

"या वहिनी, या दादा! अरे वा, पिल्लूपण आलंय!"

"पिल्लू कोणाला म्हणतोस रे, भोंग्या?" लेक आधीच फणफणत होती. "मला साधा सायलेन्सर दे. कंपनीचा असतो तसा."

"साधा? साधा तर कोणीही देईल. हा बघ." त्याने एक काळा, आखूड, तोफेच्या तोंडासारखा पाईप काढला. "यात आवाज दाबणारी जाळीच नाही. हा लावला की पुढचे गाडीवाले आपोआप बाजूला होतात."

"आपोआप नाही, शिव्या देत होतात," लेक म्हणाली.

"शिव्या देऊ देत," आई म्हणाली. "शिवी देतो म्हणजे त्याने ऐकलं."

"आणि रोग्यांनी काय करायचं? ज्याला आत्ता सलाईन लागलंय त्याने काय करायचं?"

"त्याने कानात कापूस घालायचा!"

बाप इतका वेळ गप्प होता. आता म्हणाला, "आईचं ऐक, बाळा. आवाज असला की ड्रायव्हरला कळतं. मी सांगतोय ना. माझ्याएवढं कोणाला माहीत असणार?"

तो असं म्हणाला की त्यावर कोणाला काही बोलता येत नसे. लेकीने तोंड फिरवलं. डोळ्यांत रागाने पाणी आलं होतं. भोंग्याने पाना उचलला. एवढ्यात आई म्हणाली, "थांब. आधी लावून बघायचा."

"लावतोच आहे की, वहिनी."

"तसं नाही. ह्यांचा ट्रक समोर उभा आहे ना? मी आत बसते. हे आत बसतील. पोरगी मागून गाडी घेऊन येईल. ट्रकमध्ये कितपत ऐकू येतं ते बघायचं. बघितल्याशिवाय मी घेत नाही."

"कशाला नसता खटाटोप?" नवरा म्हणाला. "मला कामावर जायचंय."

"खटाटोप? पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, अहो. चला."

तो का-कू करत होता. पण हिने एकदा कव्हर उसवायला घेतलं की देव आला तरी थांबायची नाही. भोंग्याने तो काळा पाईप तात्पुरता बसवला. आईने किल्ली तेवढ्यापुरती काढून दिली. गाडी चालू केली तशी दुकानातली काच थरथरली, पत्र्यावरची कबुतरं उडाली. लेकीने दात-ओठ खाल्ले आणि गाडी रस्त्याच्या टोकाला नेली.

नवरा ट्रकच्या स्टिअरिंगवर बसला, बायको शेजारी. त्या दिवसासारखंच सगळं करायचं ठरलं, इंजिन चालू, काचा वर. पोरगी डावीकडून, बायकोच्या बाजूने येणार, आणि ऐकू आली की हा हॉर्न वाजवणार.

इंजिन घरघरत होतं. पायाखालचा पत्रा थडथडत होता. बायकोने कान टवकारले. घरघर, थडथड, त्यापलीकडे काही नाही. आणि अचानक हॉर्न वाजला.

"आली," नवरा म्हणाला. "ऐकलंस? केवढी लांब होती, तरी ऐकू आली."

बायकोने तिच्या बाजूच्या आरशात बघितलं. आरशात लेक दिसत होती. हेल्मेट, हातमोजे, रक्ताची पेटी, सगळं स्वच्छ. अजून बरीच मागे होती.

"मला नाही ऐकू आली."

"तुला सवय नाही. माझे कान तयार आहेत."

तिला ते रुचलं नाही. शिलाईत कुठेतरी सुरकुती राहिली की तिच्या बोटांना कळायचं, तसं काहीतरी झालं. तिने काच खाली केली, हात उंचावून लेकीला परत मागे जायची खूण केली. मग आपल्या थैलीतून रेक्झिनचा एक तुकडा काढला, बाहेर वाकली, आणि आरशावर टाकून दोरीने बांधला. काच वर केली.

"हे काय करतेस?"

"तुमचे कान तयार आहेत ना? मग आता ऐका."

दोघं बसली. घरघर, थडथड. नवरा समोर बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. हॉर्न नाही. अजून हॉर्न नाही. आणि एकदम धाडकन कोणीतरी दारावर बुक्की मारली. बायको दचकून उडाली. खाली लेक उभी होती, गाडी दाराला खेटून. आता कुठे, त्या घरघरीत मिसळलेला, लांबून आल्यासारखा पाईपचा आवाज जाणवत होता.

"बाबा!" लेक हेल्मेट काढून ओरडत होती. "कधीची आलेय! तुम्ही वळला असता तर मी चाकाखाली होते!"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं.

"मघाशी ऐकलंत की बघितलंत?"

नवरा इंजिन बंद करायला वाकला.

"मी विचारते, ऐकलंत की आरशात बघितलंत?"

"बघितलं," तो म्हणाला.

"म्हणजे आरशात दिसतं. आवाज असो नसो, दिसतं. मग त्या दिवशी आरसा कुठे गेला होता?"

"होता."

"मग?"

"घाई होती. सिग्नल पडत होता. मी... मी त्या बाजूला बघितलंच नाही."

आणि मंडळी, त्या बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली.

"बघितलं नाहीस! बघितलं नाहीस, आणि ऐकू आलं नाही म्हणून रडत फिरलास! मी तुझ्या डोक्यावर हात फिरवत बसले रे रात्र रात्र! मी माझ्या तोंडाने त्या बापाला खुनी म्हटलं! चार बायकांत म्हटलं! माझ्या जिभेला तू विष लावलंस!"

"तुरुंगात गेलो असतो. पोरगी लहान होती."

"पोरीचं नाव घेऊ नकोस! आत्ता हिच्याच गाडीला खोटा आवाज लावायला निघाला होतास. ती त्याच्या भरवशावर ट्रकांच्या शेजारून गेली असती. तुझं खोटं झाकायला पोरीचा जीव लावला असतास!"

रस्त्यावर माणसं थांबली होती. भोंगा, ज्याचा आवाज कधी खाली येत नसे, तो हळूच म्हणाला, "वहिनी, आत बसून बोला ना."

"तू गप! तूही तेच विकतोस! पुढचा बाजूला होतो म्हणे! काढ तो पाईप. पोरगी सांगेल तो लाव."

लेकीने साधा सायलेन्सर दाखवला. कोणी हरकत घेतली नाही. आईने गाडीला लागलेली किल्ली काढून कायमची तिच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ट्रकच्या बगलेत घुसायचं नाही. ड्रायव्हरचं तोंड आरशात दिसलं नाही तर त्याला तू दिसत नाहीस असं समजायचं. आणि दिसलं तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही."

हे शेवटचं ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. मग त्याच्या दंडाला धरून तिने त्याला ट्रकमधून खाली उतरवलं. "चल."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

घड्याळवाला भिंग लावून बसला होता. समोर या दोघांना बघून त्याने सवयीने मान खाली घातली. बायको म्हणाली, "भाऊ, मान वर करा. आजपासून मान आम्ही खाली घालायची. मी तुमच्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं. हा सांगतोय, ऐका."

नवऱ्याने सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. आरसा होता, मुलगा त्यात दिसला असता, मी बघितलं नाही. आवाजाचा काही संबंध नव्हता.

तुम्हाला वाटेल, घड्याळवाला रडला, त्याने क्षमा केली. नाही. तो हळूहळू उठला, डोळ्यावरचं भिंग काढलं, आणि असा ओरडला की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"माझी बायको माझ्याशी बोलत नाही! एका घरात राहतो, ताटाला ताट लावून जेवतो, आणि तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही! ती म्हणते, तू पाईप काढायला लावलास. मीही तेच म्हणत होतो! रोज म्हणत होतो! आणि तू समोरून ट्रक घेऊन जात होतास!"

नवऱ्याने हात जोडले. "मला मारा."

"मारून मला काय मिळणार? हे मला सांगून काय उपयोग? वर जा. तिला सांग. तिच्या तोंडावर सांग."

ड्रायव्हर जिना चढला. घड्याळवाला त्याच्या मागोमाग गेला. सीटवाली बाई खालीच उभी राहिली, कारण त्या घरात पाय ठेवायची तिला लाज वाटली. वरून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एका बाईचा आवाज आला, वापरात नसलेला, फाटलेला. ती ड्रायव्हरला शिव्या देत होती. आणि शिव्या देता देता मध्येच नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "अहो, तुम्ही असे लांब का उभे? इकडे या." एवढं ऐकून खाली उभी असलेली सीटवाली पायरीवर बसली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून हमसून हमसून रडली.

झालं. मी उठायला सांगेन, पण त्याआधी एक मागणं आहे. त्या मुलाला लक्षात ठेवा. त्याला लोक बिनआवाजाचा म्हणत, आणि तेच त्याचं नाव पडलं होतं. ते विसरा. तो भर दिवसा, सरळ रस्त्याने, आपल्या बापाचं ऐकून शांत गाडी चालवत घरी येत होता. तो दिसत होता. घरी जाताना कुठे वळाल, तेव्हा एकदा आरशात बघा, आणि त्याची आठवण काढा.