हॅटनांचं मूळ गाव

नीला तेंडोलकरला संशय यायला एरवीही फार कारण लागत नसे, आणि या शुक्रवारी तर कारण स्वतःच तिच्या टेबलाशी बसून सोलकढी पीत होतं. डॅनिएल हॅटन त्याचं नाव. कुवेतमधल्या मीना अल-अहमदी बंदराच्या रिफायनरीत इंजिनिअर, आणि तिच्या एकुलत्या एक लेकीने, देवयानीने, पसंत केलेला. सलव्यातल्या तिच्या फ्लॅटमध्ये तो पहिल्यांदाच आला होता. नीलाने झुबैदी तळलं होतं. झुबैदी म्हणजे आपलं पापलेटच, इथल्या बाजारात त्याला तसं म्हणतात.

"मग, तुमचं मूळ गाव कुठलं?" तिने विचारलं. विचारलं इंग्रजीत, पण प्रश्न अस्सल कुडाळचा.

"पोर्ट्समथ."

"ते जन्मगाव. मी आडनावाचं विचारतेय. हॅटन नावाचं गाव असेल ना?"

डॅनिएलचे कान लाल झाले. "असेल बहुतेक. मला नक्की माहीत नाही," असं म्हणून तो माशाची तारीफ करायला लागला.

झालं! माशाला बरं म्हटलं म्हणून भुलणारी बाई नव्हती ती. आडनावात अख्खं गाव घेऊन हिंडतो आणि गाव माहीत नाही? कुडाळकडचं शेंबडं पोरसुद्धा आपलं मूळ गाव, ग्रामदेवता आणि तिथल्या जत्रेची तिथी घडाघडा सांगेल. हा शिकलेला माणूस, आणि याला सांगता येत नाही? की सांगायचं नाही?

"आई, प्लीज. इट्स जस्ट अ सरनेम," तो गेल्यावर देवयानी वैतागून म्हणाली.

"कुठेतरी पाणी मुरतंय," नीला म्हणाली.

देवयानीने आधीच सांगून टाकलं होतं, "तू हो म्हटल्याशिवाय मी हे लग्न करणार नाही." बोलणं मायेचं, पण त्यानेच नीलाची झोप उडवली होती. उद्या हा माणूस खोटा निघाला तर 'हो' तिचा असणार होता. असा एक 'हो' तिने भोगला होता. तिचं लग्न ठरलं तेव्हा थोरला भाऊ बापू स्वतः तेंडोलीला जाऊन आला होता. देवळात विचारलं, गुरवाला विचारलं, चार घरी चहा प्यायला. घराणं सोन्यासारखं, असं सगळ्यांनी सांगितलं. घराणं होतंही सोन्यासारखं. फक्त नवऱ्याचं, प्रसन्नचं, लग्नाआधीपासून वापीला दुसरं बिऱ्हाड होतं. ते कळल्यावर नीला पोरीला काखोटीला मारून कुवेतला आली, दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासत राहिली. बापूला तिने त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही.

आताही तिने बापूलाच फोन लावला.

"अगो, गावच म्हायत नाय?" बापू कुडाळहून ओरडला. "मगे घराणा कसला? माका ह्या काय बरां दिसना नाय."

मग नीला कामाला लागली. चहाच्या सुट्टीत, बसमध्ये, फोनवर तिने इंग्रजांची आडनावं उकरायला घेतली. हॅटन नावाची गावं एक सोडून चांगली पाच-सहा निघाली, जिल्हे वेगवेगळे. शेवटचं 'टन' म्हणजे जुन्या काळची वाडी. आधीचं 'हॅट' म्हणजे झुडपांचा ओसाड माळ. म्हणजे माळावरची वाडी! "मेला माळवाडीकरच की," ती स्वतःशीच म्हणाली आणि क्षणभर तिला तो पोरगा आवडला. पुढे वाचलं, तर गावावरून आडनाव बहुधा गाव सोडलेल्यालाच चिकटायचं. हेही तिला पटलं. तेंडोलीत बसलेल्याला तेंडोलीत कोण कशाला तेंडोलकर म्हणेल? ती स्वतः आधी माणगावकर, मग तेंडोलकर. तेंडोलीत राहिली किती, तर लग्नाची पूजा आणि एक गणपती. पण बताक्यावर, या इथल्या ओळखपत्रावर, ते गाव तिच्या नावाला लागलं ते लागलंच.

पण याचं हॅटन कुठलं? देवयानीला विचारावं तर ती फोनमध्ये डोकं खुपसून बसे, आईकडे बघतसुद्धा नसे. म्हणजे हिलाही काहीतरी ठाऊक होतं. मग मात्र नीलाने ठरवलं, याला जाळ्यातच पकडायचं.

पुढच्या शुक्रवारी भात वाढता वाढता ती गोड आवाजात म्हणाली, "अरे, तुझं गाव सापडलं हं मला. वॉरविकशरमधलं हॅटन. तिथल्या चर्चमागे हॅटनांची केवढी जुनी थडगी आहेत! मोठे जमीनदार होते तुमचे लोक."

सगळ्या थापाच होत्या. वॉरविकशरमध्ये हॅटन आहे एवढंच खरं, थडगी आणि जमीनदार तिच्या पदरचे. तिचा हिशोब सरळ होता. पोरगा लबाड असेल तर आयतं घराणं घशाखाली घालेल. प्रसन्नने तर वर दोन थडगी वाढवून सांगितली असती.

डॅनिएलने हातातला घास ताटात ठेवला. त्याने देवयानीकडे पाहिलं. देवयानीने मान किंचित हलवली, नको म्हणून. ते नीलाने बरोब्बर टिपलं.

"नाही," तो म्हणाला. "आमचे कोणी जमीनदार नव्हते. गाव मला माहीत आहे. त्या दिवशी मी खोटं बोललो. माझ्या पणजोबांना कुणीतरी तान्हं असताना चर्चच्या दारात ठेवून गेलं होतं. आईबाप कोण, कधीच कळलं नाही. सापडले ते गाव हेच हॅटन, म्हणून तेच आडनाव दिलं. आजी म्हणायची, लोकांना सांगू नका. मग आमच्यात सगळे 'माहीत नाही' असंच म्हणतात."

"आणि हिने सांगितलं होतं, माझ्या आईला तर मुळीच सांगू नकोस," नीला म्हणाली. "तूसुद्धा, देवयानी? माझ्यापासून?"

"हो!" देवयानी एकदम मराठीत ओरडली. "कारण तू बापूमामाला फोन लावला असतास. आणि मामा म्हणाला असता, घराण्याचा पत्ता नाही. बाबांच्या घराण्याचा होता ना पत्ता? देवळात जाऊन विचारला होता ना?"

नीलाला पोरीच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी तिला जवळ घेऊन रडावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. ती डॅनिएलला म्हणाली, "ती थडगी मी रचली होती. तुला पारखायला."

डॅनिएल कसनुसा हसला. "मला कळलं होतं. मी तिथं जाऊन आलोय. आमच्या नावाचं तिथं एकही थडगं नाही."

घ्या! म्हणजे हा खरं बोलला तो स्वभावाने, की जाळं दिसलं म्हणून? नीलाने त्याच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं. रक्ताची बाटली असती तर यंत्राने सांगितलं असतं. चेहऱ्यातून तिला काही कळेना, आणि आपल्याला ते कधीच कळणार नाही हे तिला फार स्वच्छ कळलं. भीती वाटली, खूप वाटली. तरी तिने डाव उचलला आणि त्याच्या ताटात कढी वाढली.

"लग्न कुडाळला करायचं," ती म्हणाली. देवयानी उठून तिच्या गळ्यात पडली.

दोघं गच्चीत गेल्यावर तिने भावाला फोन लावला.

"मगे? घराणा कळला?" बापूने विचारलं.

"घराणा नाय, बापू. माणूस आसा. तो कसो निघतलो, माका म्हायत नाय." ती पुढे म्हणाली, "प्रसन्नचा तुकाय म्हायत नाय होता."

पलीकडून तिचा म्हातारा भाऊ हुंदका देत म्हणाला, "नाय गो, बाय. नाय म्हायत होता माका."