खंडेनवमीचं तेल

बायकोवर ओरडायला मला मुहूर्त लागत न्हाई. त्या दिवशी तर सकाळी सातलाच सुरू झालो.

"बबिता! ये इकडं! काय करून ठेवलंस बघ!"

माझी पुतणी प्रियांका एअर रायफल मारते. दुपारी परभणीत तिची विभागीय निवड. गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडात शेवटचा सराव चालू होता आन् पोरीचे छर्रे टार्गेटवर वर वरच चालले होते. दहाच्या जागी नऊ, आठ, सात. मी रायफल हातात घेतली, नेम धरायची पीप साईट चिमटीत पकडून हलवली. हलली! साईट न्हाई, तिच्याखालची रेलच हलली. म्हंजे नळीवर स्क्रूनं कसलेली ती लोखंडी पट्टी. बारा दिवसांपूर्वी मी सोता बसवलेली. मी! बावीस वर्षं फौजेत हत्यारं दुरुस्त केलेला माणूस!

बबिता भाकरीच्या पिठाच्या हातानंच आली.

"खंडेनवमीला पूजा केलीस न्हवं? तेल वतलं असशील! रेलच्या खाली तेल गेलं की स्क्रू धरतोय व्हय? अक्कल गहाण टाकली का?"

"तेल लावलंच न्हाई मी," ती म्हणली. "पिशवीत गुंडाळून ठेवली, वरून हळदकुंकू वाहिलं. पोरीनंच तसं सांगितलं होतं."

"खोटं बोलू नको!"

"काका," प्रियांका म्हणली, "खंडेनवमीच्या आधीपासूनच वर जायलेत. मी सांगितलं होतं तुमाला."

"तू गप! श्वास धरता येईना तुला, आन् मला शिकवायलीस!"

मी चावी घेतली, स्क्रू काढले, रेल उचलली. खाली पांढरं फडकं फिरवलं. फडकं कोरडं. परत फिरवलं, जोर लावून. तेलाचा डागसुदिक न्हाई. बबिता तिथंच उभी होती. तिनं बोलावं म्हणून मी वाट बघत होतो, म्हंजे मला आणखी ओरडता आलं असतं.

मग पुढचा स्क्रू हातात आला. स्क्रू लांब होता. पुढचं भोक उथळ असतंय, तिथं आखूड लागतोय. लांब स्क्रू भोकाच्या तळाला जाऊन टेकतो, चावी फिरायची थांबते, हाताला वाटतंय गच्च झाला. पण त्याचं डोकं रेलवर दाबलेलंच नसतंय. फौजेत एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या असत्या, वर आईबापाचा उद्धार केला असता.

स्क्रूची अदलाबदल केली. आटे पुसले, दोन्ही स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून कसले. साईट हलवून बघितली. जागची हलेना.

"घे, मार आता."

प्रियांकानं पाच छर्रे मारले. एक वर, एक खाली, दोन डावीकडं, एक तर टार्गेटच्या काळ्या गोलाच्या बाहेर.

"आता काय झालं तुला?" मी खेकसलो.

तिनं रायफल टेबलावर ठेवली. हळूच ठेवली.

"काय झालं म्हंता? बारा दिवस तुमी म्हंलात, गाल नीट लाव. मी गाल बदलला. म्हंलात खांदा ढिला हाय. खांदा बदलला. श्वास बदलला, पाय बदलले. रातीला झोपेत श्वास मोजायलेय मी! आन् चूक तुमची होती! आता आधी कशी मारत होते ते मलाच आठवंना. कुणाला इचारू, सांगा ना!"

एवढी मोठ्यानं ती कधीच बोलली नव्हती. मी म्हणलो, "बरं, चल, रस्त्यानं समजावतो. आवर."

"तुमी येऊ नका."

"काय?"

"काकू येईल संग. तुमी मागं उभं राहिलात की मला माझा श्वास ऐकूच येत न्हाई."

मी बबिताकडं बघितलं. वाटलं, ही म्हणंल, अगं काकाला असं बोलू नये. तिनं हात धुतले, साडी बदलली, रायफलची पेटी उचलली. नऊच्या गाडीनं दोघी आमच्या ताडकळसातून परभणीला गेल्या.

मला लय राग आला होता. कुणावर काढावा, घरात कुणी नव्हतं.