टाकीवरचा खलबत्ता

मित्रांनो, तुमच्या निबंधांतल्या जुन्या वस्तू फार गरीब स्वभावाच्या असतात. जुनी छत्री असो की जुनी सायकल, कोपऱ्यात पडून राहतात, उसासे टाकतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी तसला नाही. मी खलबत्ता आहे. लोखंडाचा, जड, जुना आणि सध्या भयंकर रागावलेला. मला उसासे टाकता येत नाहीत. मला ठणकावता येतं, आणि आज मी तेच करणार आहे.

भट्टीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं. मग मी गोंदियाच्या बाजारात एका दुकानापुढे उन्हात पडून होतो. तिथून मला टिकाराम नावाच्या शेतकऱ्यानं उचललं आणि चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या आपल्या गावी नेलं. त्याच्या आईचे, सुशिलाबाईचे, सगळे दात पडले होते, म्हणून मला आणलं होतं. माझ्या पोटात फुटाणे आणि गूळ टाकून रोज दुपारी कुटायचं काम टिकारामच्या बायकोकडे आलं. तिचं नाव देवकाबाई. तेव्हा ती तरुण होती. शेतातून धानाची रोवणी करून चिखलाच्या पायांनी यायची, पुटपुटायची, कधी कधी चिडून बत्ता जरा जोरातच आपटायची. पण कुटायची. सासू म्हणायची, "अजून बारीक कर वं," की पुन्हा कुटायची.

माझेही चांगले दिवस होते. घरात बाळंतीण आली की डिंक आणि खोबरं माझ्याकडे यायचं. चहाचं आलं, ठेच्याची मिरची, खोकल्याच्या काढ्याची मिरी, सगळं माझ्याच पोटातून जायचं. शेजारची नंदाबाई मला मागून न्यायची आणि परत देताना न चुकता म्हणायची, "तुमच्या खलबत्त्यात कुटलेल्या ठेच्याची चवच न्यारी!" मी काही लाजाळू नाही, मला ते आवडायचं. मग घरात मिक्सर आला आणि मी फळीवर गेलो. त्याचा मला राग नव्हता. नवं येतं, जुनं बाजूला होतं, एवढं लोखंडालाही कळतं.

पुढे सुशिलाबाई गेली, टिकाराम गेला आणि देवकाबाईचे दात पडले. एका दुपारी तिनं मला फळीवरून उतरवलं, चिंचेनं घासलं आणि मूठभर फुटाणे माझ्यात टाकले. आता ती स्वतःसाठी कुटत होती. थोडं कुटायची, चिमूट जिभेवर ठेवायची, डोळे मिटून चव बघायची, पुन्हा कुटायची. कधी फुटाणे, कधी भाजलेले शेंगदाणे, कधी जवस. सगळं अगदी पीठ करायची नाही, थोडं रवाळ ठेवायची. जेवढं हिरड्यांना झेपेल तेवढं, पण चावल्याचं सुख मिळेल असं. गुडघे गेले होते, नजर कमी झाली होती, घरातला एकही निर्णय तिच्या हाती उरला नव्हता. आपल्या घासात काय असावं, एवढंच ती अजून ठरवू शकत होती.

आणि मग घर नवं झालं. देवकाबाईच्या मुलानं, कुशलनं, मातीचं घर पाडून स्लॅबचं घर बांधलं आणि आत चकचकीत पांढऱ्या टाइल्स बसवल्या. जुनी जमीन शेणानं सारवलेली होती, माझा प्रत्येक ठोका ती मुकाट्यानं पोटात घ्यायची. ही नवी फरशी नाजूक निघाली. एके दिवशी देवकाबाई कुटत असताना माझ्याखाली टक्क असा आवाज झाला आणि टाइलला केसाएवढा तडा गेला.

मित्रांनो, केसाएवढा! वाकून पाहिल्याशिवाय दिसायचाही नाही. पण कुशलची बायको मंजू कपाळाला हात लावून बसली आणि कुशल संध्याकाळपर्यंत धुमसत राहिला. दुसऱ्या दिवशी देवकाबाई मागच्या अंगणात बसलेली असताना त्यानं मला उचललं आणि गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडायचं. त्यावर त्यानं मला ठेवून दिलं.

मला टाकीवर ठेवलं याचाही मला तेवढा राग नाही. पुढचं ऐका. देवकाबाई मला शोधू लागली. फळीवर पाहिलं, खाटेखाली पाहिलं, चुलीमागे पाहिलं. शेवटी तिनं अंगणात कुशलला विचारलं. मी वरून ऐकत होतो.

"कुशल, खलबत्ता कुठी गेला गा?"

"भंगारवाला आला होता ना माय. त्याच्यात गेला असन."

हे बोलताना त्यानं मोबाइलवरून नजरही उचलली नाही. एवढा मोठा माणूस, गावात चारचौघांत सल्ला देणारा, आणि आईला लहान पोराला फसवावं तसं फसवून मोकळा झाला.  देवकाबाई दाराची चौकट धरत आत गेली. मला त्या क्षणी झाकणावरून गडगडत जाऊन त्याच्या पायावर पडावंसं वाटलं.

त्यानंतर सुरू झाली पेज. तांदळाची पातळ पेज, सकाळ-संध्याकाळ. कधी वरण-भात मिक्सरमधून काढून आणलेला, लापशीसारखा. मंजू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ताट वेळेवर यायचं, पेज गरम असायची, वर तुपाची धारही असायची. पण तिनं ठरवून टाकलं होतं की म्हाताऱ्या तोंडाला चव नसते. देवकाबाई दोन घोट घेऊन वाटी सारायची आणि मंजू शेजारणींना सांगायची, "आमच्या बुढीचे लय नखरे वाढून राहिले. काही देल्लं तरी खात नाही." ते गच्चीपर्यंत ऐकू यायचं. मी पावसात भिजून गंजत होतो आणि खाली अंगणात ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. तिला काय हवं हे तिला विचारावं, हे त्या चकचकीत घरातल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळी झाली आणि गावची मंडई, म्हणजे जत्रा, आली. आमच्या भागात मंडई म्हणजे पाहुण्यांचा पूर. दुपारी बाजार, संध्याकाळी दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ, आणि प्रत्येक घरात बाहेरगावचे सोयरे. आमच्याकडे सालेकशाहून देवकाबाईचा धाकटा भाऊ चैतराम आला. तोही आता म्हातारा झालेला. मंजूनं देवकाबाईला नवं लुगडं नेसवलं आणि म्हणाली, "आत्याबाई, कवळी लावा. पाहुणे येऊन राहिले." ती कवळी तिच्या हिरड्यांना टोचायची, म्हणून एरवी डबीतच असायची. आता फोटोसाठी ती तोंडात बसली आणि देवकाबाईचा चेहरा परक्या बाईसारखा दिसू लागला. तिच्यापुढे ताटली आली. चकली, अनारसा आणि फुटाणे. तिचे फुटाणे! "घ्या ना आत्याबाई, खा," असं सगळ्यांसमोर दोनदा म्हणून मंजू पुढच्या पाहुण्याकडे वळली.

एवढ्यात नळाचं पाणी संपलं. पाहुणे जास्त, टाकी रिकामी. कुशल वर आला, मला झाकणावरून उचलून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं, टाकीत डोकावला आणि मोटार सुरू करायला पळत खाली गेला. मला तिथंच विसरला.

अंगणात बसलेल्या देवकाबाईनं वर पाहिलं. तिला लांबचं धूसर दिसतं, पण जिनं माझ्यासोबत उभा जन्म काढला तिला मी ओळखू येणार नाही असं होईल का? ती खूप वेळ बघत राहिली. मग तिनं ताटलीतलं सगळं पदरात बांधलं आणि उठली.

मित्रांनो, त्या जिन्याला कठडा नव्हता. तो पुढल्या वर्षी व्हायचा होता. देवकाबाई एकेका पायरीवर बसत, हातांनी पुढची पायरी चाचपत वर येत होती. एकदा तिचा पाय लुगड्यात अडकला आणि ती कडेला झुकली. मला ओरडता आलं असतं तर सगळं गाव गोळा केलं असतं. खाली एवढी माणसं, पण कोणी चहा ओतत होतं, कोणी फोटो काढत होतं. एकाचंही लक्ष नव्हतं.

ती वर पोचली. धापा टाकत माझ्यापाशी आली, माझ्या गंजावरून हात फिरवला आणि मला कठड्यावरून ओढून कसंबसं मांडीत घेतलं. तिनं कवळी काढून बाजूला ठेवली, मला खाली ठेवलं, पदराची गाठ सोडली आणि कुटू लागली. स्लॅबवर माझा आवाज असा घुमला की खालचं बोलणं थांबलं.

सगळ्यांत आधी कुशल धावत वर आला, मागे मंजू, मागे जिन्याच्या भिंतीला हात लावत चैतराम.

"माय! वरती काऊन आलीस? पडली असतीस त?" कुशल ओरडला. "पाहुण्यांनी घर भरलं आहे, अन् तू इथं ठोकठोक करून राहिलीस!"

मंजूची नजर पदरातल्या चकलीवर गेली. "मागितलं असतं त देल्लं नसतं का आमी? पदरात लपवून कायले आणलं? लोकं म्हणतील, सून खाऊ देत नाही."

"मागितलं असतं त पेजच देल्ली असतीस," देवकाबाई म्हणाली. मग तिनं मुलाकडे पाहिलं. "तू त म्हणलास, भंगारात गेला."

 कुशलनं मंजूकडे पाहिलं, मंजूनं टाकीकडे पाहिलं.

तेवढ्यात चैतराम बहिणीशेजारी खाली बसला. त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक अख्खी चकली बाहेर काढली. मग दुसरी. मग चुरगळलेला अनारसा.

"बाई, हेबी टाक त्याच्यात," तो म्हणाला. "खाली सगळ्यांपुढं खाल्ल्यासारखं केलं अन् खिशात टाकलं. घरीबी असंच करतो मी. दात नाहीत म्हणून सांगाले लाज वाटते. सांगतलं की सून पेज देते."

देवकाबाई आधी भावाकडे बघत राहिली. मग तिचं ते रिकामं तोंड हसलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. तिनं कुटायला घेतलं, पण जिना चढून तिच्या हातांत जोर उरला नव्हता. बत्ता हातातून निसटला.

चैतरामनं तो उचलला आणि भाच्याच्या हातात दिला. "घे. कूट."

कुशलनं दातओठ खात पहिलाच घाव असा घातला की अर्धी चकली गच्चीभर उडाली. "हळू गा," चैतराम म्हणाला. "ढेकळं फोडून राहिला का?" कुशल पुन्हा कुटू लागला. मग थांबून त्यानं मामाला विचारलं, "एवढं बारीक पुरे का, मामाजी?"

"माह्या तोंडाकडे काय पाहतोस? तिले विचार ना."

कुशलला ते जड गेलं. माझ्यापेक्षाही जड. खाली पाहुणे हाका मारत होते, मोटार चालू होती, टाकी भरून पाणी वाहायला लागलं होतं. शेवटी तो म्हणाला, "माय, किती बारीक करू?"

तिनं चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. तिला वेळ लागला. चव ओळखायला लागतो तेवढाच. कुशल बत्ता हातात धरून गच्चीवर बसून राहिला, आणि त्याला थांबावं लागलं.

"अजून थोडं," ती म्हणाली.

तुम्हाला वाटेल, आता याचा राग गेला असेल. अजिबात नाही! उलट दुसऱ्या दिवशी तो वाढला. कुशलनं मला खाली आणलं आणि देवकाबाईच्या खोलीत ठेवताना माझ्याखाली एक बारदाना चार घड्या घालून टाकला. धानाचं रिकामं पोतं! त्यावर कुटलं की ना फरशी फुटते, ना फार आवाज होतो. आमच्या घरात असले बारदाने ढिगानं पडलेले असतात, त्यांवर मांजरं झोपतात. म्हणजे एका बारदान्याचं काम होतं. त्यासाठी एका म्हाताऱ्या बाईला सारा पावसाळा उपाशी ठेवलं, तिच्याशी खोटं बोलले, वर तिलाच नखरेवाली ठरवलं. कोणी घटकाभर बसून विचार केला असता तर हे त्याच दिवशी सुचलं असतं. पण घटकाभर बसायचं कोणाला?

आता मंजू फुटाणे आणून देते. कुशल कधी कधी कुटतो, आणि "किती बारीक?" असं विचारतोही. मी ते नाकारत नाही. पण कुटून झालं की देवकाबाई काय करते ते सांगतो. खल जागेवर ठेवते आणि बत्ता फडक्यानं पुसून आपल्या उशीखाली घेते. दुपारी जरा आडवी झाली तरी तिचा एक हात उशीखाली असतो. जो संसार तिनं आणि टिकारामनं उभा केला, त्याच घरात बत्ता पुन्हा नाहीसा होईल अशी तिला भीती.

म्हणून, मित्रांनो, मला घासून-पुसून ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. तुमच्या घरात जो म्हातारा किंवा म्हातारी असेल त्यांच्यापाशी जा. त्यांना काय हवं ते त्यांनाच विचारा आणि उत्तर येईपर्यंत तिथंच बसा. उत्तराला वेळ लागेल. लागू द्या. आणि माझ्या रागाचं म्हणाल तर, ज्या दिवशी देवकाबाई बत्ता माझ्यात ठेवून, दोन्ही हात मोकळे सोडून गाढ झोपेल, त्या दिवशी तो जाईल. तोवर कोणी मला शांत हो म्हणू नका.